पाण्यावरच्या मालमत्तेची शहानिशा

सोलापूरसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यात बसून, जुनी बोट विकत घेण्यापूर्वी तिची ओळख व मालकी कशी पडताळावी यावर कोणी लेख लिहावा, हे ज्याला थट्टेचे वाटेल, त्याने एकदा करमाळा तालुक्यातील कुगावच्या काठावर जाऊन समोर पाहावे. माढा तालुक्यात उजनीपाशी भीमेवर बांधलेले आणि १९८० च्या सुमारास पूर्ण झालेले धरण तुडुंब भरले म्हणजे सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी अडवून धरते, आणि त्या यशवंतसागराचा फुगवटा सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या शिवारांत असा काही शिरला आहे की, कुगावच्या माणसाला इंदापूर तालुक्यातील कळाशीला जायचे तर रस्त्याने मोठा वळसा आणि पाण्यातून थोडकी वाट, असा हिशेब मांडावा लागतो. या पाण्यावर कटला, रोहू आणि चिलापी धरणाऱ्या होड्या आहेत. भिगवण-कुंभारगावच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी दाखवण्यासाठी पाहुण्यांना घेऊन फिरणाऱ्या नावा आहेत. खाली पंढरपुरात चंद्रभागेवर वारकऱ्यांना विष्णुपदाकडे, गोपाळपुराकडे नेणाऱ्या कोळ्यांच्या होड्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. आणि रात्रीच्या अंधारात नदीच्या पोटातून वाळू उपसणाऱ्याही बोटी आहेत, ज्यांच्याविषयी पुढे सविस्तर बोलणे प्राप्त आहे. जिथे इतक्या नावा आहेत तिथे त्यांची खरेदी-विक्रीही आहे, आणि ती बहुतांशी शब्दावर, ओळखीवर आणि रोख रकमेवर चालते.

यात विलक्षण गोष्ट ही की, हाच आपला शेतकरी जमिनीच्या बाबतीत मात्र निष्णात वकिलालाही दोन गोष्टी शिकवील. गुंठाभर जमीन घ्यायची असली तरी तो सातबारा काढतो, गट क्रमांक ताडून पाहतो, फेरफाराच्या नोंदी मागे मागे वाचत जातो, ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे काय, बहिणींचे नाव कमी झाले ते हक्कसोडपत्राने की कोणाच्या परस्पर कारवाईने, हे सारे पाहिल्याशिवाय इसाराचा रुपया देत नाही. जमीन जागची हलत नाही, तिच्या चतुःसीमा शेजाऱ्यांना ठाऊक असतात, आणि तिची जन्मकुंडली तलाठ्याच्या दप्तरात असते. बोट यांपैकी कशातच बसत नाही. तिला गट नाही, चतुःसीमा नाही. आज ती करमाळ्याच्या काठाला बांधलेली असेल आणि उद्या इंदापूरच्या, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्याच्या, दुसऱ्या ठाण्याच्या आणि दुसऱ्या तहसीलदाराच्या हद्दीत. उजनीच्या पाण्याखाली ज्यांचे गट गेले, त्या कुटुंबांतील कित्येकांनी पुढे त्याच पाण्यावर जाळे टाकले. बुडालेल्या शेताचे कागद त्यांच्या पेटीत अजून जपलेले असतात, आणि ज्या होडीवर आजचे पोट चालते तिच्या मालकीचा एक चिटोराही घरात नसतो. हा दैवाचा विनोद असला, तरी विकत घेणाऱ्याने त्याचे बळी होण्याचे कारण नाही.

कायद्याची मूळ भूमिका साधी आहे आणि ती प्रथम मनात पक्की करणे इष्ट. कब्जा हा मालकीचा एक पुरावा असला तरी कब्जा म्हणजे मालकी नव्हे. आणि आपल्या १९३० च्या मालविक्री अधिनियमाने, काही थोडे अपवाद सोडून, असे स्पष्ट केले आहे की, विकणाऱ्याजवळ जेवढा हक्क असेल त्याहून अधिक हक्क घेणाऱ्याला मिळू शकत नाही. चोरीची बोट दहा हात फिरून, प्रत्येक वेळी पूर्ण किंमत मोजून आणि पूर्ण सद्भावनेने घेतली गेली, तरी दहाव्या माणसाजवळ ती चोरीचीच बोट राहते आणि मूळ मालकाला ती परत मागता येते. त्याच अधिनियमाने विक्रेत्यावर, आपणास विकण्याचा अधिकार आहे अशी गर्भित शर्त लादली आहे हे खरे, आणि त्या शर्तीच्या आधारे पैसे परत मागताही येतील. परंतु त्यासाठी विक्रेता सापडावा लागतो, आणि अशा व्यवहारातले विक्रेते सापडण्याविषयी फारसे उत्सुक नसतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. घेणाऱ्याला माल चोरीचा असल्याची जाण होती, किंवा तसे मानण्यास सबळ कारण होते, असे दिसले तर प्रकरण दिवाणीतून फौजदारीत जाते. तेव्हा निम्म्या किमतीत मिळालेली बोट हा नशिबाचा भाग मानण्यापूर्वी निम्मी किंमत का, हा प्रश्न विचारणे सोयीचे.

नाव ही हलती मालमत्ता असल्यामुळे तिला ओळखपत्र देण्याची गरज माणसाला फार पूर्वीच भासली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पश्चिम समुद्रावर ‘कार्ताझ’ नावाचे परवाने सक्तीचे केले. त्यांत जहाज केवढे, नाखवा कोण, शस्त्रे किती, जाणार कोठे, असा तपशील लिहिलेला असे, आणि ज्यांच्या मुलखात त्या शतकात बराच काळ सोलापूर मोडत असे त्या विजापूरच्या आदिलशहांच्या जहाजांनाही हा कागद जवळ बाळगावा लागे. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपल्या हद्दीत आपले दस्तक चालवले आणि ते न घेणाऱ्या जहाजांना अटकाव केला, तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचे ठरवले. वास्तविक दोन्ही पक्ष मागत होते ती वस्तू एकच होती. या जुन्या कागदांची उणीव अशी की, कागद जहाजाचे वर्णन करी, पण जहाजावर त्या कागदाची खूण नसे. ही उणीव ब्रिटिश कायद्याने भरून काढली: नोंदलेल्या प्रत्येक जहाजाला एक अधिकृत क्रमांक देऊन तो त्याच्या मुख्य तुळईत कोरण्याची सक्ती केली. रंगवण्याची नव्हे, कोरण्याची. कारण रंग खरवडता येतो, तुळई बदलणे म्हणजे जहाज उसवणे. स्वतंत्र भारताच्या १९५८ च्या नौवहन कायद्याने हीच रीत पुढे चालवली. वस्तू आणि कागद यांना परस्परांशी बांधणारी ही खूण हेच आजच्याही तपासाचे मर्म आहे.

लाकडी नावांच्या काळात ही खूण काहीशी निसर्गतःच मिळे. हाताने घडवलेल्या दोन नावा कधीच तंतोतंत सारख्या होत नसत. फळीची गाठ, एका बाजूला किंचित कललेली नाळ, दुरुस्तीच्या वेळी बसवलेले ठिगळ, यांवरून पंढरपूरच्या घाटावरचा नावाडी आपली होडी पन्नास होड्यांतून दुरून ओळखी, आणि तिची चोरी पचवणे अवघड जाई. काचतंतूच्या, म्हणजे ज्यांना आपण सरसकट फायबरच्या म्हणतो त्या, बोटींनी ही सोय संपवली. फायबरची बोट साच्यातून निघते. साच्याच्या आत प्रथम रंगीत लेप, त्यावर काचतंतूची चटई आणि राळ यांचे थर चढवून ती वाळली की उचलून बाहेर काढतात, आणि त्याच साच्यातून पाठोपाठ दुसरी. एका साच्याची लेकरे इतकी एकसारखी असतात की, बाह्य आकारावरून त्यांत भेद करणे त्यांच्या कारागिरालाही जमणार नाही. शिवाय फायबरला रंग सहज बसतो, ठिगळ सहज लागते आणि घासून ते नाहीसेही होते. बोट स्वस्त, टिकाऊ आणि हलकी झाली, परंतु त्याबरोबर ती निनावीही झाली.

ही निनावी वस्तू ओळखण्यासाठी अमेरिकेने १ नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक नव्या बोटीच्या सांगाड्यावर बारा अक्षरांकांचा क्रमांक असण्याचे बंधन घातले. युरोपने पुढे आपली चौदा अक्षरांकांची पद्धत आणली. पर्यटनासाठी म्हणून मुंबई-गोव्याकडून आलेली एखादी परदेशी बनावटीची वेगवान बोट कोणी उजनीवर आणून विकू लागला, तर हा क्रमांक वाचता येणे उपयोगाचे. बोटीच्या पाठीमागच्या उभ्या फळीवर, जिथे इंजिन अडकवतात तिथे, बाहेरून उजव्या बाजूस वरच्या कडेजवळ तो असतो. अमेरिकी क्रमांकातील पहिली तीन अक्षरे कारखान्याची, पुढची पाच त्या बोटीच्या अनुक्रमाची, आणि अखेरची दोन नमुन्याच्या वर्षाची. विक्रेता बोट पाच वर्षांची सांगत असेल आणि शेवटचे दोन अंक वीस वर्षांमागचे असतील, तर त्याला फारसे प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. ऑगस्ट १९८४ पासून हाच क्रमांक बोटीच्या आत, सहजी न दिसणाऱ्या जागी, पुन्हा एकदा उमटवण्याची सक्ती झाली. ही दुसरी जागा कोणती, हे कारखान्यालाच ठाऊक असते. चोर बाहेरचा क्रमांक बदलतो आणि आतला विसरतो.

आपल्याकडच्या छोट्या कारखान्यांत घडलेल्या बोटींवर कधी धातूची पट्टी असते, कधी साच्यातच उमटलेले नाव, कधी काहीच नाही. म्हणून पाहण्याची दृष्टी महत्त्वाची. बोट पाण्यात तरंगत असताना, संध्याकाळच्या उजेडात, चहाचा पेला हातात घेऊन केलेली पाहणी ही पाहणी नव्हे. ती काठावर ओढून घ्यावी, वाळू द्यावी, उन्हात तिरप्या नजरेने पाहावी आणि पाठीमागच्या फळीवरून, नाळेच्या दोन्ही अंगांवरून हाताचे बोट फिरवावे. मूळ लेपाचा गुळगुळीतपणा आणि मागाहून भरलेल्या लुकणाचा खरखरीतपणा स्पर्शाला लगेच कळतो. एखाद्या हातभर लांब आयताकृती पट्ट्याचा रंग भोवतालपेक्षा ताजा असेल, तर तिथे पूर्वी काहीतरी लिहिलेले होते आणि ते कोणाला तरी नको झाले, एवढे अनुमान काढण्यास हरकत नाही. किनारपट्टीवरील मासेमारी नौकांचा नोंदणी क्रमांक नाळेच्या दोन्ही बाजूंना ठळक रंगवलेला असतो आणि महाराष्ट्रातील नौकांच्या बाबतीत त्याच्या आरंभी भारत व महाराष्ट्र यांची रोमन आद्याक्षरे असतात. कोकणातून उतरवून आणलेल्या नौकेवर या अक्षरांची पुसट छाया जुन्या रंगाखाली कैकदा उरलेली दिसते. पट्टीचे रिवेट पाहावे: कारखान्याचे रिवेट एकसारखे असतात, आणि पट्टी एकदा उचकटून पुन्हा बसवली की स्क्रू येतात.

इंजिन ही स्वतंत्र वस्तू आहे आणि तिची स्वतंत्र चौकशी करावी, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बोटीच्या मागे अडकवायचे इंजिन दोन चाप सैल केले की निघते, पोत्यात मावते आणि बोटीपेक्षा महाग असते. सबब चोरी बोटीपेक्षा त्याची अधिक होते. त्याचा क्रमांक चापाच्या कंसावरील पट्टीवर असतो, आणि पुष्कळ बनावटींत तोच क्रमांक झाकणाखाली इंजिनाच्या ठोकळ्यात बसवलेल्या रुपयाएवढ्या धातूच्या चकतीवरही उमटवलेला असतो. दोन्ही वाचावेत आणि पावतीशी ताडावेत. जिथे अंक धातूत ठोकलेले असतात तिथे कानशीने घासूनही ते समूळ जात नाहीत, कारण ठोकताना अंकाच्या खालच्या धातूची कणरचना दबलेली असते आणि त्यावर योग्य आम्ल लावले असता तो दबलेला भाग भोवतालपेक्षा निराळ्या गतीने झिजून अंकाची आकृती पुन्हा वर येते. हे काम न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे; घेणाऱ्याला कानशीच्या रेघा ओळखता आल्या तरी पुरे. इंजिनाचा क्रमांक काय काय बोलू शकतो, याचे सर्वांत भीषण उदाहरण महाराष्ट्रानेच पाहिले आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणाऱ्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका समुद्रात बळकावली होती आणि शेवटचा टप्पा त्यांनी रबरी होडीने गाठला. त्या होडीचे यामाहा इंजिन हाती लागले, आणि क्रमांकाच्या आधारे ते जपानमधून पाकिस्तानातील आयातदाराकडे रवाना झाले होते, हे पुढे खटल्यात साक्षीपुराव्याने मांडले गेले. त्या घटनेनंतर किनाऱ्यावरील नौकांची नोंदणी एकसूत्री करण्याचे आणि मच्छीमारांना ओळखपत्रे देण्याचे काम देशभर हाती घेण्यात आले.

आता कागदांकडे वळू. धरण आणि नदी ही अंतर्गत जलक्षेत्रे असल्यामुळे त्यांवरील यांत्रिक नौकांना २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम लागू होतो. १९१७ सालच्या, म्हणजे वाफेच्या बोटींच्या जमान्यातील कायद्याच्या जागी तो आला आणि जून २०२२ पासून अंमलात आहे. त्याखाली दोन निरनिराळे दाखले असतात आणि त्यांची गल्लत करू नये. तपासणीचा दाखला बोट चालवण्यास योग्य आहे, असे सांगतो; नोंदणीचा दाखला बोट कोणती व कोणाची, हे सांगतो. विक्रेते बहुधा यांपैकी हाताशी असेल तो पुढे करतात. राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे, आणि घेणाऱ्याने दाखल्याच्या झेरॉक्स प्रतीवर विसंबून न राहता मूळ दाखला पाहून त्यातील क्रमांकाची रुजवात मंडळाच्या दप्तराशी करून घ्यावी. बिनयंत्राच्या, वल्ह्यांच्या नावांची नोंद ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थांच्या पातळीवर व्हावी, अशी व्यवस्था या अधिनियमाने कल्पिली आहे. मत्स्यव्यवसाय विभागाचा मासेमारीचा परवाना हा तिसराच कागद. त्याने जाळे टाकण्याची मुभा मिळते, बोटीची मालकी सिद्ध होत नाही; एकाच्या परवान्यावर दुसऱ्याची बोट चालते, ही काठावरची नित्याची गोष्ट आहे. आणि किनाऱ्यावर नोंदलेली नौका इकडे आणलेली असेल, तर तिथल्या नोंदणीचे काय झाले, हे त्या जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारल्याखेरीज पुढे जाऊ नये.

वाळूच्या बोटींचा उल्लेख वर केला होता. भीमेच्या काठाने राहणाऱ्या वाचकाला, महसूल व पोलीस खात्याच्या पथकाने फायबर आणि सक्शन बोटी पकडून जिलेटिनने उडवल्याची बातमी नवी नाही; दौंड, इंदापूर, करमाळा या पट्ट्यात अशी बातमी वरचेवर येते. बेकायदा उत्खननात वापरलेली यंत्रसामग्री व वाहने जप्त करण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ ने महसूल अधिकाऱ्यांना दिलेला आहे. अशा जप्तीची तलवार डोक्यावर लटकू लागली की मालक बोट विकायला काढतो, आणि ती मासेमारीची किंवा प्रवासी म्हणून रंग देऊन, कमी किमतीत, शेजारच्या तालुक्यातील भाबड्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालतो. तिची लक्षणे मात्र रंगाने झाकत नाहीत. तळाशी व काठांच्या आतल्या बाजूस वाळूच्या घर्षणाने लेप झिजून तंतू उघडे पडलेले असतात. मोठ्या पंपासाठी मधोमध ठोकलेल्या चौकटीच्या बोल्टांची भोके बुजवलेली दिसतात. कडेला जाड नळाच्या टेकूचे घट्टे पडलेले असतात. हे दिसले तर तहसील कार्यालयात आणि ठाण्यात त्या बोटीवर पंचनामा अथवा दंडाची कार्यवाही आहे काय, याची विचारणा करावी. ही विचारणा पुष्कळांना संकोचाची वाटते. सरकारी कचेरीत आपण होऊन जाणे म्हणजे आपल्यावरच संशय ओढवून घेणे, अशी आपली पूर्वापार समजूत आहे. परंतु खरेदीपूर्वी विचारणारा माणूस आणि जप्तीनंतर विनवणारा माणूस यांना एकच कारकून निराळ्या आवाजात उत्तर देतो.

मालक खरा असला तरी तो एकटाच मालक आहे काय, हा पुढचा प्रश्न. जहाजाच्या मालकीचे ब्रिटिश कायद्यात ६४ हिस्से मानतात. आपल्या १९५८ च्या नौवहन कायद्याने ते दहावर आणले होते. उजनीच्या होडीचे असे हिस्से कोठे लिहिलेले नसतात, पण असतात मात्र नक्की: थोरल्या भावाने बोट घेतली, मेहुण्याने इंजिन घातले, जाळी चुलत्याची. बाप वारला असेल तर वारसांचा प्रश्न उभा राहतो आणि जमिनीप्रमाणेच इथेही बहिणींचा हक्क असतो. तो जमिनीच्या वेळी आठवतो आणि बोटीच्या वेळी विसरला जातो. मुखत्यारपत्रावर कोणी विकत असेल, तर ज्याने ते दिले तो हयात आहे काय हे पाहावे, कारण देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर सामान्यतः मुखत्यारपत्रही संपते. बोट मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत, राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या किंवा जिल्हा बँकेच्या कर्जावर अथवा शासकीय अनुदानातून घेतलेली असेल, तर कर्ज फिटेपर्यंत तिच्यावर बोजा असतो, आणि संस्थेचा ना-हरकत दाखला हातात आल्याशिवाय विक्रेत्याच्या ‘हप्ते केव्हाच फिटले’ या वाक्याला वजन देऊ नये.

या सर्व कागदी शोधाच्या बरोबरीने काठाची साक्ष घेणे मला तितकेच अगत्याचे वाटते. भिगवणच्या आडतीवर मासळी उतरवणारे, शेजारच्या खुंटाला होडी बांधणारे, इंजिन दुरुस्त करणारा मिस्त्री, ही मंडळी कोणती बोट कोणाची आणि ती विकायला का निघाली, हे कोणत्याही दप्तरापेक्षा आधी जाणतात. मिस्त्रीला विशेषेकरून विचारावे. क्रमांकाची चकती त्याने झाकण उघडून पाहिलेली असते. विक्रेता बोट तिच्या नेहमीच्या धक्क्यावर दाखवण्याऐवजी दूरच्या एखाद्या आडरानातल्या काठावर, घाईघाईने, आजच सौदा करा अशा अटीवर दाखवत असेल, तर त्यामागे बहुधा हीच साक्ष टाळण्याचा हेतू असतो.

सौदा ठरल्यावर मुद्रांकावर मजकूर लिहून त्यावर नोटरीचा शिक्का मारला की काम झाले, ही समजूत तर फारच दृढ आहे. नोटरी सही करणाऱ्या माणसाची ओळख व सही साक्षांकित करतो; बोट त्या माणसाची आहे की नाही, याविषयी तो काहीच म्हणत नाही. खरेदीखतात बोटीची लांबी-रुंदी, रंग, बनावट, बोटीचा क्रमांक, इंजिनाची बनावट, अश्वशक्ती व क्रमांक वेगवेगळे लिहावेत, पूर्वीच्या खरेदीची पावती त्याला जोडावी, आणि बोट बोजारहित असल्याचे व तिच्यावर कोणतीही कार्यवाही प्रलंबित नसल्याचे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. रक्कम बँकेमार्फत द्यावी आणि तिचा लक्षात येण्याजोगा भाग नोंदणी नावावर होईपर्यंत राखून ठेवावा.

नोंदणी नावावर करून घेणे हे घेणाऱ्याइतकेच विकणाऱ्याच्याही हिताचे आहे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात सापडून उजनीच्या पाण्यात उलटली. तीत सात जण होते, त्यांतील एक पोहून काठाला लागला आणि सहा जण, त्यांत दोन लहान मुले, बुडून मरण पावले. अशा दुर्घटनेनंतर अधिकारी प्रथम विचारतात ते बोट कोणाच्या नावावर आहे हेच. ज्याने दोन वर्षांपूर्वी ती विकून पैसे खर्चूनही टाकले त्याचेच नाव दप्तरात राहिलेले असेल, तर पहिली नोटीस त्याच्या दारावर येते. आणि ज्याने ती घेतली, त्याला विम्याचा किंवा भरपाईचा दावा करताना आपण मालक आहोत, हे अगदी आरंभापासून सिद्ध करत बसावे लागते.